चाराची पाऊणकी

समुद्र मी आयुष्यात एकदाच पाहिला आहे, तोही सकाळच्या एसटीपासून संध्याकाळच्या एसटीपर्यंत. एवढ्या भांडवलावर समुद्राविषयी लिहू नये हे मला कळतं. म्हणून मी लिहितो आहे ते त्या दिवशी काढलेल्या एका निष्कर्षाविषयी. तो मी सकाळी काढला, घरच्यांना ऐकवला, आणि दुपारी माझ्याच डोळ्यांदेखत तो खोटा ठरला.

आधी माझ्या कामाविषयी सांगायला हवं, कारण चूक त्यातूनच झाली. दारव्ह्याच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, मी बरीच वर्षं काट्यावर होतो. कापसाने भरलेली बैलगाडी काट्यावर घ्यायची, वजन लिहायचं. कापूस उतरला की रिकामी गाडी पुन्हा घ्यायची. पहिल्यातून दुसरं वजा केलं की राहिला तो कापूस. काम सोपं वाटतं, पण बैलाचा एक पाय काट्याबाहेर राहिला तरी वजन चुकतं, आणि कापसावर आदल्या रात्री पाणी मारून आणलेलं असलं तरी चुकतं. बघायची सवय लागते. माणूस काय सांगतो त्यापेक्षा गाडी किती दबली आहे ते आधी पाहायचं.

कापसाची वाईट वर्षं आली तेव्हा ती मला भावावरून कळली नाहीत, गाड्यांच्या रांगेवरून कळली. दिवाळीनंतर आमच्या फाटकापासून रांग लागायची ती थेट रस्त्यापर्यंत. माझ्या खिडकीतून कापूस, बैल आणि माणसं यांशिवाय काही दिसायचं नाही. मग रांग फाटकाच्या आतच संपू लागली. ज्या हंगामात मला खिडकीतून आवाराची पलीकडची भिंत दिसू लागली, त्या हंगामात मी घरी सांगितलं की जिनिंग फार तर दोन वर्षं चालेल. पुढच्याच वर्षी बंद पडली. अंदाज बरोबर आला याचं तेव्हा मला थोडं समाधानही वाटलं होतं.

बायको म्हणाली, "कळलं होतं त मंग केलं काय तुमी?"

मी काही केलं नव्हतं. काट्याशिवाय मला काही येत नव्हतं.

बोरी अरबकडे आमची थोडी शेती आहे. तिथे कापूस कमी करून तूर आणि सोयाबीन घेऊ लागलो. अर्धा दिवस एका दालमिलचा हिशेब पाहू लागलो. घर चाललं. थोरल्या मुलीने मात्र याच वर्षांत आयटीआयला थंडीच्या यंत्रांचा कोर्स घेतला. फ्रिज, कूलर, बर्फाची मशीन. वर्गात ती एकटी मुलगी. मी लोकांना गमतीने सांगत असे की आमच्या उन्हात वाढलेल्या पोरीला दुसरं काय सुचणार? कोर्स झाला आणि तिच्या सरांच्या ओळखीने कोकणातल्या एका मासळी बंदरावर, बर्फाच्या कारखान्यात तिला उमेदवारीची जागा मिळाली. ती गेली. उमेदवारी संपत आली तेव्हा मालकाने निरोप पाठवला: पोरगी कामाची आहे, तिला कायम करून एक पाळी तिच्या हाती द्यायची आहे, पण परगावची लेक आहे, तिच्या आईवडिलांनी एकदा येऊन जागा पाहावी आणि तोंडाने हो म्हणावं.

त्याच सुमारास वणीहून तिला स्थळ आलं. मुलगा कोळशाच्या खाणीत नोकरीला, राहायला क्वार्टर. त्यांना पाडव्यापर्यंत उत्तर हवं होतं. बायकोचा कल वणीकडे होता. मुलीचा कल कुठे होता हे तिने फोनवर एकदाच सांगितलं, पुन्हा विषय काढला नाही.

मी मधला रस्ता काढला. फाल्गुनात पुण्याला नात्यातलं लग्न होतं. तिथून रात्रीच्या एसटीने बंदरावर जायचं, दिवसभर थांबायचं. कारखाना ज्या धंद्यावर उभा आहे तो धंदा मी स्वतः पाहीन. टिकणारा दिसला तर मुलगी तिथे राहील. नाही तर संध्याकाळच्या एसटीत आमच्यासोबत बसेल.

मुलगी म्हणाली, "या ना बाबा. या अन् पाहा."

ती स्टँडवर घ्यायला आली होती. रंग उतरला होता आणि आवाज चढला होता. आई तिच्या हातांकडे पाहत राहिली. बोटांवर बारीक भेगा होत्या, मिठाच्या पाण्याने पडतात तशा. मुलीने हात ओढणीखाली घेतले आणि आमची पिशवी उचलली.

तिची खोली एका मासळी विकणाऱ्या बाईच्या घरात होती. बाई पन्नाशीची, खणखणीत. मुलगी तिला मावशी म्हणायची. मावशीने दारातच आम्हाला विचारलं, "दमलात ना? घाट लागला असेल. आज जेवायला माझ्याकडं. सुरमई येईल दुपारी, तुकडी तळते."

बायको म्हणाली, "माझी संकष्टी हाय जी आज."

"घ्या! बंदरावर यायचं आणि उपास धरून यायचं!"

"तसे आमी खातो. पण आमच्या बाजारात येते ते सुकट. ओली मासोळी मी पाह्यली नाही."

"मग आज नुसती बघा," मावशी म्हणाली. "बघायला उपास आड येत नाही."

चहा घेतला आणि मी एकटाच निघालो. सोबत कोणी असलं की माणूस दाखवतो ते पाहावं लागतं. मला स्वतःचं पाहायचं होतं. तेव्हा नऊ वाजून गेले असतील.

बंदर खाडीच्या तोंडाशी होतं. दगडी धक्का, त्याला खाली उतरणाऱ्या पायऱ्या. कडेला उभं राहून खाली पाहिलं तर पाणी नव्हतं. चिखल होता. काळा, चकचकीत, पाऊस पडून गेल्यावर आमचं रान दिसतं तसा. त्या चिखलात होड्या कुशीवर पडल्या होत्या. काही एकमेकींना टेकलेल्या, काही एकट्या. मी मोजल्या, एकतीस भरल्या. एकही सरळ उभी नव्हती. दोर सैल लोंबत होते आणि त्यांवर हिरवं शेवाळ चढलं होतं. धक्क्याच्या भिंतीतल्या लोखंडी कड्या गंजून झिजल्या होत्या. दोन होड्यांच्या मधून एक कुत्रं निवांत चालत गेलं. लांब कुठेतरी पाण्याची एक पट्टी चमकत होती, पण ती होड्यांच्या काय कामाची?

धक्क्यावर बर्फाच्या कारखान्याची मागची भिंत येत होती. भिंतीतून एक पत्र्याची पन्हळ बाहेर आली होती, खाली होडीत बर्फ सोडायची असावी. पन्हळ कोरडी होती. तिच्या तोंडाशी एक कावळा बसला होता.

धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारा जाळं पसरून बसला होता. त्याला विचारता आलं असतं. पण रांग पाहून जिनिंगचं भविष्य सांगितलेल्या माणसाला विचारायची सवय नसते. मला ते आवार पुन्हा दिसत होतं, खिडकीतून दिसणारी ती पलीकडची भिंत. इथे तर भिंतच नव्हती, समुद्राच्या तळापर्यंत दिसत होतं.

परत आलो तेव्हा मुलगी चहाची भांडी विसळत होती.

"सामान भर," मी म्हणालो.

तिचा हात थांबला. "काहून बाबा?"

"धंदा बसला इथला. एकतीस होड्या हायेत अन् एकतीसच्या एकतीस चिखलात पडल्या. दोरायवर शेवाळ चढलं. माणूस नाही, मासोळी नाही. अशा जागी बर्फ कोणाले विकन तुहा मालक? तो तुले कायम करते म्हणते, पण त्याचंच कायम नाही."

बायकोने पिशवी पुढे ओढली. "मी म्हणतच होती."

मुलीच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा भीती आली. मी चेष्टा करत नाही हे तिला कळलं होतं. मग तिने मावशीकडे पाहिलं. मावशी उंबऱ्यावर टोपली बांधत बसली होती. ती आधी माझ्याकडे पाहत राहिली, मग तिने टोपली खाली ठेवली, आणि मग तिला हसू आवरेना.

"अगो बाय," ती मुलीला म्हणाली, "तुझे बाबा सुकती बघून आले!"

सुकती म्हणजे ओहोटी, हे मुलीने मला सांगितलं. हसू दाबायचा तिने खूप प्रयत्न केला, पण तिचे खांदे हलत होते.

भरती-ओहोटी मी चौथीच्या भूगोलात पाठ केली होती. चंद्राचं आकर्षण, दिवसातून दोनदा, सगळं येत होतं. परीक्षेत लिहून गुणही घेतले होते. पण त्यात होड्या चिखलात पडतात असं कुठे लिहिलं नव्हतं. माझ्या मनातली ओहोटी म्हणजे धरणाच्या काठाला पाणी हातभर मागे सरतं तेवढीच. आमच्याकडे धरणातलं पाणी गेलं की ते पुढच्या पावसाळ्यापर्यंत गेलं. विहिरीतलं गेलं की कधी कधी कायमचं गेलं. सकाळी गेलेलं पाणी दुपारी आपणहून परत येतं, आणि अख्खं गाव त्यावर विसंबून निवांत घरी बसतं, हे माझ्या डोक्यात यायला काही आधारच नव्हता.

तरीही मी लगेच मान्य केलं नाही. "सगळं पाणी गेलं हाय. इतकं कुठून येईन?"

मुलीने ओले हात पुसले आणि माझ्यासमोर बसली. "आई, तुही आज संकष्टी ना? म्हंजे तिथी चौथी. बाबा, चाराची पाऊणकी किती?"

"तीन," मी म्हणालो. विचार करायची गरजच नव्हती.

"मंग तीन वाजता जाऊन पाहा."

आजच्या मुलांना पाऊणकी माहीत नसेल. ती पाऊणपटीचा पाढा. एकाची पाऊण, दोनाची दीड, तिनाची सव्वादोन, चाराची तीन. मला ती वडिलांनी शिकवली आणि काट्यावर ती मला रोज लागायची. मुलगी लहान असताना शाळा सुटली की जिनिंगमध्ये येऊन खिडकीखाली बसायची. गाड्यांच्या मधल्या वेळात मी तिच्याकडून पावकी, निमकी, पाऊणकी म्हणवून घ्यायचो. शाळेत यांतलं काही विचारत नाहीत, कायले शिकवता, असं बायको तेव्हा म्हणायची. खरंच विचारत नव्हते.

"इकडं तिथीची पाऊणकी केली का भरतीची वेळ निघते," मुलगी सांगत होती. "मावशीनं पह्यल्याच दिवशी सांगतलं. कारखान्यातले पोरं बोटावर मोजत बसतात. मले त पाठच होतं. उद्या पंचमी, पावणेचार. परवा साडेचार. भरतीले होड्या आत येतात, बाहेर जातात, तवाच बर्फ लागते. लादी जमाले दीड-दोन दिवस लागतात, म्हून मले आजच परवाचं पाहा लागते."

मी कॅलेंडर मागितलं. मावशीच्या भिंतीवर होतं. चतुर्थीच होती.

"सामान तीन वाजेपर्यंत राहू दे," मी बायकोला म्हणालो.

"त मंग भरू का नोको भरू?"

"राहू दे."

मावशी टोपली उचलून निघाली. जाताना म्हणाली, "दादा, होड्या मोजल्यात ते बरं केलंत. संध्याकाळी पुन्हा मोजा. एखादी कमी पडली तर आम्हाला सांगा."

दुपारी मुलीने आम्हाला कारखाना दाखवला. आत शिरताना अमोनियाने डोळ्यांत पाणी आलं. बायको पदर नाकाला लावून उभी राहिली, मुलगी मात्र स्वयंपाकघरात फिरावी तशी फिरत होती. जमिनीत मिठाच्या पाण्याची मोठी टाकी, वर लाकडी झाकणं, झाकणांवरून माणसं चालतात. टाकीत डबे बुडवलेले, डब्यांत गोड पाणी. ते गोठलं की साखळीने डब्यांची ओळ वर उचलायची, साध्या पाण्यात बुचकळायची, आडवी करायची, की लादी घसरत बाहेर येते. एक लादी माझ्या अंदाजाने दोन माणसांच्या वजनाची. मी विचारलं की वजन कुठे करता? मुलगी म्हणाली की करत नाहीत, लादीवर विकतात. बरोबर होतं. वजन करेपर्यंतच ती वितळून कमी होणार. पाणी मारून वजन वाढवलेला कापूस मी आयुष्यभर पकडला. इथे सगळा मालच पाण्याचा, आणि त्याचं वजन क्षणाक्षणाला घटत होतं. अशा जागी माझा काही उपयोग नव्हता.

मालक बनियनवर बसले होते, आम्हाला पाहून त्यांनी शर्ट घातला. वयस्कर, मोजकं बोलणारे. मी सरळ विचारलं, "धंदा किती वर्षं चालेल?"

"खोटं सांगत नाही," ते म्हणाले. "मासा कमी होतोय. माझ्या तरुणपणी होड्या खाडीच्या तोंडाशी जाऊन भरून यायच्या. आता लांब जातात, जास्त दिवस राहतात. त्यामुळं बर्फ जास्त लागतो. आज माझं बरं चाललंय ते यामुळं. पण मासाच राहिला नाही तर बर्फ कशाला? माझ्या हयातीत चालेल. पुढचं मला माहीत नाही."

हे ऐकून बायकोने माझ्याकडे पाहिलं. मालकांना ते जाणवलं असावं. मला धीर द्यायला ते म्हणाले, "तुमच्याकडं कापसाचं वाईट चाललंय म्हणतात. होईल ओ ठीक. सुकती लागली की भरती यायचीच."

"नाही," मी म्हणालो. "तुमच्या भरतीची वेळ कॅलेंडरवरून काढता येते. कापसाच्या भावाची काढता येत नाही. दोन्ही एक नाही."

मुलीने खाली पाहिलं. मला वाटलं बोललो ते उद्धट झालं. पण मालक हसले. "आता कळलं पोरगी कुणावर गेली. परवा मला तोंडावर म्हणाली, शेठ, तुमचा व्हॉल्व्ह गळतो आणि तुम्ही नशीब म्हणता."

बाहेर आल्यावर मी मुलीला म्हटलं, "ऐकलं ना? त्यायलेच भरवसा नाही. मंग तू कशाच्या भरवशावर राह्यतं?"

दाराशी सांडलेले बर्फाचे तुकडे ती पायाने बाजूला सारत राहिली. मग म्हणाली, "बाबा, जिनिंग बंद होणार हे तुमाले आधीच कळलं होतं. तरी तुमी थांबले. काहून?"

"दुसरं काय येत होतं मले?"

"तेच त. मले मासोळीचं काही येत नाही, कारखाना मासोळीचा हाय. मले मशीन येते. हे बंद पडलं त दूध डेअरीत हेच मशीन असते. दवाखान्यात असते. यवतमाळले कोल्ड स्टोरेज हाय, तिथं हेच. पण पाळी सांभाळली असं म्हणाले एक-दोन वर्षं कुठंतरी पाळी सांभाळाच लागते ना? आता घरी आली त मी नुसती शिकलेली राहीन."

नुसती शिकलेली. हा शब्द मला लागला. चौथीच्या भूगोलातली माझी ओहोटीही तशीच होती. तीन वाजायला अजून अवकाश होता, मी धक्क्यावर जाऊन बसलो. बायकोही आली. मावशीने तिला शहाळं फोडून दिलं होतं, ते दोन्ही हातांत धरून ती माझ्या शेजारी बसली.

पाणी येताना आवाज येईल, लाटा येतील असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. सकाळी लांब चमकणारी पट्टी रुंद झाली होती, एवढंच. मग चिखलातल्या बारीक घळींतून पाणी गुपचूप आत शिरू लागलं, पाटाचं पाणी वाफ्यात शिरतं तसं. मी धक्क्याची एक पायरी खूण म्हणून धरली आणि तिच्यावर नजर ठेवली. थोड्या वेळाने ती पायरी नव्हती. मी वरची धरली. तीही गेली.

होड्या एकदम उठल्या नाहीत. आधी कडेच्या एका होडीचं पडलेलं अंग थोडं वर आलं, पुन्हा टेकलं. पुन्हा आलं. लाकूड करकरलं. मग ती सरळ झाली आणि झाली ती झालीच, जणू सकाळपासून तशीच उभी होती. तिच्याशेजारची उठली. सैल दोर ताणले गेले. शेवाळ पाण्याखाली गेलं, गंजक्या कड्याही गेल्या. शेवाळ का होतं आणि कड्या का गंजल्या होत्या हे मला तेव्हा उमगलं. ज्या वस्तू रोज दोनदा पाण्यात जातात त्या तशाच दिसणार. धंदा बंद पडल्याचा पुरावा म्हणून मी जे जे गोळा केलं होतं, ते सगळं धंदा चालू असल्याचा पुरावा होता.

"एकतीस हायेत का?" बायकोने विचारलं.

"मोजल्या नाही."

"मोजा नं मंग. मावशी विचारन."

एवढ्यात खाडीच्या तोंडातून बाहेरच्या होड्या आत येऊ लागल्या आणि धक्क्यावर कुठून कुठून माणसं आली. टोपल्या, पाट्या, तराजू, ओरडा. मावशी त्या गर्दीत मधोमध होती आणि एका होडीच्या नाखव्याला त्याच्या मासळीवरून इतकं सुनावत होती की तो टोपीने तोंड झाकून हसत होता. बायकोने पहिल्यांदा ओली मासोळी पाहिली. चांदीसारखी आहे म्हणाली, आणि मग एवढी चांदी पाहून उपास मोडणार तर नाही ना अशी शंका आल्यासारखी दोन पावलं मागे सरली.

बाहेर निघणाऱ्या होड्या पन्हळीखाली रांगेत लागल्या. हो, रांगच. पहिल्या होडीतून एकाने वर तोंड करून हाक दिली, "ए नागपूर! बर्फ सोड!"

वरच्या खिडकीतून आमच्या मुलीचं डोकं बाहेर आलं. कपाळाला ओढणी आवळून बांधलेली. "नागपूर नाही, दारव्हा! दहादा सांगितलं!"

"बरं बाई, दारव्हा. सोड आता, पाणी थांबणार नाही!"

"तुमची होडी सरळ लावा आधी! मागच्या वेळी निम्मा बर्फ खाडीत गेला आणि बोंब माझ्या नावानं मारली!"

होडीतले सगळे त्या नाखव्यालाच हसले. त्याने निमूटपणे होडी सरळ लावली. आत मशीन घरघरलं आणि पन्हळीतून भुगा झालेला बर्फ धो धो खाली आला. पांढरा ढीग होडीच्या पोटात वाढू लागला. जिनिंगच्या नळीतून रुई अशीच उडून खोलीत पडायची. मी किती दिवसांनी असा पांढरा ढीग वाढताना पाहत होतो. एक होडी भरून सरकली, दुसरी लागली. तिच्यामागे तिसरी. मुलीचं डोकं खिडकीत येत होतं, जात होतं. तिची हाक आली की खालची माणसं थांबत होती, तिची हाक आली की हलत होती.

बायकोच्या हातातलं शहाळं केव्हाच संपलं होतं. ती ते तसंच धरून बसली होती.

"घरी हिले कोणी इतक्या मोठ्यानं बोलू देल्लं असतं का?" ती म्हणाली.

मला वाटलं ती नाराज आहे. "मी सांगतो तिले."

"कायले सांगता? मी काय म्हणून राह्यली, अन् तुमी काय ऐकून राह्यले!" मग खिडकीकडे पाहतच तिने विचारलं, "वणीवाल्यायले काय सांगाचं?"

"तू सांग."

"सांगा म्हणा, पोरगी कामावर हाय. थांबत असन त थांब म्हणा. नाही त आमची ना नाही, दुसरी पाहा म्हणा." मग ती म्हणाली, "तिच्या हाताले लावाले काही घेऊन द्या. व्हॅसलीन घ्या मोठं. तिळाचं तेल मी घरून पाठवतो."

मी उठलो, मालकांकडे गेलो आणि त्यांना हवं होतं तसं तोंडाने हो म्हटलं. सोबत एक अट घातली, की गळका व्हॉल्व्ह आधी बदलायचा, मग पाळी तिच्या हाती द्यायची. त्यांनी मान्य केलं. नंतर मुलीने फोनवर सांगितलं की त्याच आठवड्यात बदलला.

एसटीत बसताना मुलगी खिडकीशी उभी होती. केसांत बर्फाचं पाणी, अंगाला मासळीचा वास. सकाळी भरायला काढलेली पिशवी आमच्या पायाशी होती, तीत मावशीने दिलेली सुकट. बायकोने मुलीचे दोन्ही हात खिडकीतून आत ओढून घेतले आणि गाडी हलेपर्यंत सोडले नाहीत. मुलगी मला म्हणाली, "बाबा, मोजल्या का?"

"सकाळच्यातल्या एकोणीस राहिल्या. बारा बाहेर गेल्या."

"बरोबर," ती म्हणाली. "बारालेच बर्फ दिला मी."

दारव्ह्याला परतल्यावर फार काही बदललं नाही. त्या वर्षी कापसाला भाव आला नाही, पुढच्या वर्षीही नाही, आणि जिनिंगच्या फाटकाला अजून कुलूपच आहे. वणीच्या लोकांनी दुसरी मुलगी पाहिली. आमच्या घरी एक सवय मात्र लागली. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर बायको सकाळी तिथी पाहते. पूर्वी उपासापुरती पाहायची, आता रोज पाहते. पाऊणकी तिला येत नव्हती. भाकरी थापता थापता तिने ती माझ्याकडून पाठ केली. नववी-दहावीशी अजून अडखळते.

काल रात्री आठच्या सुमारास मी दालमिलमधून आलो आणि मुलीला फोन लावायला गेलो.

"थांबा," बायको आतून म्हणाली. "एकादशी हाय आज. सव्वाआठ. आता होड्या लागल्या असतीन तिच्याकडं. नऊले लावा."

मी फोन खाली ठेवला. आम्ही दोघं जेवायला बसलो.